आत्मसंरक्षणाची गोळी : नेम आणि निर्णय

चित्रपटातील नायक खलनायकाच्या हातातील पिस्तूल एका गोळीने अचूक उडवितो, तर कधी पायावर गोळी झाडून त्याला जागच्या जागी बसवितो. वास्तवात आत्मसंरक्षणासाठी कोणी गोळी झाडल्याची बातमी आली, की ‘पायावर का नाही झाडली?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र गोळी ही मोजूनमापून द्यावयाची शिक्षा आहे, हे त्यामागील गृहीतक फसवे आहे. मानवी शरीराची रचना आणि कायदा या दोहोंचा विचार केल्यास नेम कोठे धरावा, यापेक्षा गोळी झाडावी की नाही आणि केव्हा थांबावे, हे प्रश्न कितीतरी अधिक महत्त्वाचे ठरतात.

मायामीचा धडा

या विषयाच्या अभ्यासात अमेरिकेतील मायामी येथे ११ एप्रिल १९८६ रोजी झालेल्या चकमकीचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. ‘एफबीआय’च्या आठ अधिकाऱ्यांनी बँका लुटणाऱ्या दोघांची मोटार अडविली आणि काही मिनिटांत शंभरावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांतील एका दरोडेखोराला चकमकीच्या आरंभीच गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. जखम प्राणघातक स्वरूपाची होती. तरीही तो लढतच राहिला आणि त्याच्या गोळ्यांनी दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. इतर पाच अधिकारी जखमी झाले. अखेरीस दोन्ही दरोडेखोर मारले गेले.

यानंतर १९८९ मध्ये ‘एफबीआय’ने तयार केलेल्या अहवालाचा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. मेंदू व मज्जारज्जूचा वरचा भाग वगळता अन्यत्र झालेली पिस्तुलाची जखम माणसाला तत्क्षणी थांबवील, याची शाश्वती नसते. हृदय निकामी झाले तरी मेंदूत दहा ते पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो आणि तेवढ्या काळात हल्लेखोर सर्व हालचाली करू शकतो. काही जण किरकोळ जखमेनेही कोसळतात, तर काहींना गोळी लागल्याचे भानही राहत नाही. गोळी म्हणजे विजेचे बटण नव्हे.

पाय सुरक्षित का नाही?

धावणाऱ्या माणसाचा पाय हे अरुंद आणि सतत हलणारे लक्ष्य असते. भीतीने हात थरथरत असताना, अपुऱ्या उजेडात, तो टिपणे सरावलेल्या नेमबाजालाही अवघड जाते. चुकलेली गोळी हवेत विरत नाही. ती भिंतीला वा फरशीला लागून उसळते किंवा पातळ भिंत भेदून पलीकडच्या खोलीत जाते. दाटीवाटीच्या चाळींत आणि सदनिकांत हा धोका सर्वाधिक. शिवाय मांडीतून मोठी धमनी जाते. ती तुटल्यास अतिरक्तस्रावाने काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे पायावरची गोळी हल्लेखोराला थांबवीलच असे नाही; त्याचा जीव मात्र घेऊ शकते.

यामुळेच अमेरिकेतील प्रशिक्षणात नेम धडाच्या मध्यभागी धरण्यास शिकवितात. शरीराचा तो सर्वांत मोठा आणि त्यातल्या त्यात स्थिर भाग असतो. उद्देश ठार मारण्याचा नसून हल्ला थांबविण्याचा असतो. परंतु मृत्यूची शक्यता गृहीत धरलेली असते. आपल्याकडे जमावावर गोळीबार करताना पोलिसांना नेम खाली धरण्याची सूचना असते. मात्र तेथे हेतू जमाव पांगविण्याचा असतो, अंगावर आलेला एकटा हल्लेखोर रोखण्याचा नव्हे. यातून निघणारा व्यवहारी नियम असा, की जेथे समोरच्याचा मृत्यू समर्थनीय ठरणार नाही, तेथे पायावरही गोळी झाडू नये.

दीड सेकंदाचा अवधी

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एका लेखात साधा प्रयोग मांडला. सुरा घेतलेला माणूस २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात पार करतो आणि कमरेचे पिस्तूल काढून झाडण्यासही जवळपास तेवढाच वेळ लागतो. पुढे याचा विपर्यास होऊन ‘२१ फुटांच्या आत आलेल्यावर गोळी झाडावी’ असा जणू नियमच रूढ झाला. प्रयोगाचा खरा बोध वेगळा आहे. ऐनवेळी विचार करण्यास अवधी नसतो. म्हणून दार बंद करणे, अंतर राखणे, मदत मागविणे हे पर्याय आधीच ठरलेले हवेत.

कायद्याचा काटा

भारतात हा हक्क १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. शरीराच्या बचावासाठी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतची मुभा कलम ३८ मध्ये सात प्रसंगी दिली आहे. मृत्यू वा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला हे त्यांतील काही होत. कलम ३७ ची मर्यादाही तितकीच ठळक आहे : पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क नाही आणि बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही.

निर्णायक कलम मात्र ४० वे. भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो आणि ती टिकून असेपर्यंतच तो टिकतो. म्हणून प्रत्येक गोळी हा स्वतंत्र निर्णय ठरतो. सुरा उगारून आलेल्यावर झाडलेली पहिली गोळी कायदेशीर असू शकते; तो सुरा टाकून पळू लागल्यावर पाठीत झाडलेली दुसरी गोळी बचाव न राहता सूड ठरण्याचा संभव असतो. सद्‌भावनेने हक्काची मर्यादा ओलांडली गेल्यास कृत्य खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकते. पण सुटका होत नाही.

नेमाची जागा न्यायालयातही तपासली जाते. गोळी मर्मस्थानी लागली काय, किती अंतरावरून, समोरून की पाठीमागून, यावरून हेतूचा अंदाज बांधला जातो. त्याचबरोबर, संकटात सापडलेल्याची कृती सोन्याच्या काट्याने तोलू नये, असेही सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटले आहे. २०१० मधील एका निकालात या हक्काची दहा तत्त्वे एकत्र मांडली गेली. केवळ वाजवी भीतीही पुरेशी आहे. मात्र स्वतः आगळीक करणाऱ्याला हा हक्क नाही, असा त्यांतील काहींचा आशय आहे. बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. त्यासाठी निःसंशय पुराव्याची नव्हे, तर शक्यतेचे पारडे आपल्याकडे झुकविण्याची गरज असते.

शस्त्र परवाना मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांकडून, तर आयुक्तालय नसलेल्या ठिकाणी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. तो शस्त्र बाळगण्याची अनुमती देतो. चालविण्याच्या प्रत्येक कृतीचे उत्तर परवानाधारकालाच द्यावे लागते. नेम सरावाने साधतो. थांबण्याचा निर्णय मात्र पहिल्या गोळीपूर्वीच मनाशी पक्का झालेला असावा लागतो, कारण सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही.