वेबपानावरची कळ : चालू करण्याचा आणि काढून टाकण्याचा इतिहास

संकेतस्थळाच्या कोडात एक साधी अट लिहिलेली असते : अमुक कळ चालू असेल तर नवे बटण दाखव, बंद असेल तर जुनेच राहू दे. या कळीला प्रोग्रामर 'फीचर फ्लॅग' म्हणतात. मला तिच्या इतिहासात रस वाटतो याचे कारण असे, की पूर्वी एकच असलेल्या दोन गोष्टी तिने वेगळ्या केल्या : नवा कोड सर्व्हरवर चढवणे आणि तो लोकांना खुला करणे. या सोयीचे कौतुक पुष्कळ झाले. पण ही कळ काढून कोणी टाकायची, हा प्रश्न तेवढ्या गांभीर्याने विचारला गेला नाही, असे माझे मत आहे.

अटीमागे कोड झाकून ठेवण्याची युक्ती जुनीच. तिला पद्धतीचे रूप आले ते छायाचित्रांचे संकेतस्थळ असलेल्या 'फ्लिकर'मध्ये. जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी जून २००९मध्ये अमेरिकेतील सॅन होजे येथील परिषदेत सांगितले, की आम्ही दिवसातून दहाहून अधिक वेळा नवा कोड चढवतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये फ्लिकरच्या रॉस हार्म्स यांनी कळींची पद्धत लेखातून मांडली. कोडाच्या वेगळ्या शाखा करायच्या नाहीत. सर्वांनी एकाच मुख्य प्रतीत काम करायचे आणि अपुरे काम कळीमागे बंद ठेवायचे. काही बिघडले तर कळ बंद करायची, की प्रश्न मिटला.

त्याआधी, २००८मध्ये, फेसबुकने गप्पांची सोय आणताना याच विचाराचा वेगळा उपयोग केला होता. ही सोय सुमारे सात कोटी लोकांना द्यायची होती. सर्व्हरना तो भार पेलेल का, हे पाहण्यासाठी वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमधली फेसबुकची पानेच गप्पांच्या सर्व्हरशी जोडणी करत, खोटे निरोप पाठवत; पडद्यावर मात्र काहीही उमटत नसे. पाहणाऱ्याला पान नेहमीचेच वाटत होते, आणि चाचणी त्याच्याच यंत्रावर चालू होती.

इथे फ्रंट-एंडचे, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागाचे, वेगळेपण दिसते. सर्व्हरवरचा बंद कोड कंपनीच्या घरात राहतो. फ्रंट-एंडचा बंद कोड बहुधा वाचकाच्या यंत्रावर जाऊन पोचतो. तो दिसत नाही, पण उघडून वाचता येतो. कंपनीने जाहीर न केलेल्या सोयी असा कोड वाचूनच अनेकदा उघडकीस आल्या आहेत. म्हणून कळीला कुलूप समजू नये : कोणाला काय करण्याची परवानगी आहे, याची तपासणी सर्व्हरवरच व्हायला हवी. दुसरी अडचण वेळेची. कळीची स्थिती सर्व्हरकडून उशिरा आली, तर आधी जुने पान दिसते आणि क्षणात नवे. वाचकाचे बोट भलत्याच बटणावर पडते.

कळ विसरली तर काय होते, याचा महागडा दाखला वेबपानावरचा नाही, शेअरबाजारातला आहे. पण यंत्रणा तीच. न्यू जर्सीतील 'नाइट कॅपिटल' या कंपनीच्या प्रणालीत 'पॉवर पेग' नावाची सोय होती. तिचा वापर २००३मध्ये थांबला, कोड मात्र तसाच राहिला. २०१२मध्ये नव्या सोयीसाठी तीच जुनी कळ पुन्हा वापरण्यात आली. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, एक राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवर त्या कळीने नऊ वर्षे निजलेला कोड जागा केला. गोंधळ थांबवण्यासाठी इतर सातांवरून नवा कोड काढला गेला. त्यामुळे तिथेही जुनाच चालू लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा. नियामकाने पुढच्या वर्षी १.२ कोटी डॉलरचा दंड केला. तोवर कंपनी दुसरीत विलीन झाली होती.

या घटनेचा दोष एका राहिलेल्या सर्व्हरला दिला जातो. मला मूळ त्याआधीचे वाटते : वापर थांबला त्या दिवशी कोड आणि कळ दोन्ही काढली असती, तर राहिलेल्या सर्व्हरवर जागे व्हायला काही उरलेच नसते.

शिवाय कळी एकेकट्या राहत नाहीत. दहा स्वतंत्र कळींतून एकाच पानाच्या १,०२४ अवस्था संभवतात. त्या साऱ्या कोणी तपासून पाहत नाही. पीट हॉजसन यांनी कळींचे चार प्रकार सांगितले आहेत : नवी सोय खुली करण्याच्या, प्रयोगाच्या, कारभाराच्या आणि परवानगीच्या. त्यांतल्या पहिल्या दोन अल्पायुषी, परवानगीच्या दीर्घायुषी. हा भेद कळ लिहितानाच नोंदवला पाहिजे, आणि अल्पायुषी कळीपुढे ती काढणाऱ्याचे नाव व तारीखही. चालू करण्याचा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो. काढण्याचा दिवस लिहून ठेवला नाही, तर तो येत नाही.