दिनविशेष : १३ फेब्रुवारी
१३ फेब्रुवारी १९९० रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ऑस्टिन येथील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीला, जेफ कोडोस्की, जेम्स ट्रुचार्ड व जॅक मॅक्रिस्किन यांनी शोधलेल्या चित्ररूप आज्ञावलीचे पेटंट दिले. प्रयोगशाळेतील उपकरणे संगणकावरून चालवणारी ‘लॅबव्ह्यू’ ही प्रणाली याच पद्धतीवर उभी आहे. तीत आज्ञा ओळीने लिहिल्या जात नाहीत, तर क्रियांची चित्रे पडद्यावर मांडून तारांनी जोडली जातात, आणि एखाद्या चित्राला लागणारी सर्व माहिती पोहोचली की ते काम सुरू करते. या रीतीला डेटाफ्लो म्हणतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात यंत्रमानव व ड्रोन यांवर आधारित डिजिटल शेतीचे प्रशिक्षण दिले गेले; अशा शेतीत या पद्धतीचे मोल विशेष जाणवते, कारण मातीतील ओलावा टिपणाऱ्या सेन्सरचे व्होल्टेज वाचणे, त्यावरून ओलाव्याची टक्केवारी काढणे आणि ती ठरावीक मर्यादेखाली गेली की ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणे, हे सारे कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला एकाच आकृतीत मांडता येते. चुकीची जोडणी तुटक रेषेत लगेच दिसते. आकृती वाढली की तारांचा गुंता मात्र होतोच. वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी २०२० पासून लॅबव्ह्यूची विनामूल्य आवृत्तीही उपलब्ध आहे.