फर्ग्युसनच्या दंडपावत्या आणि आपला कागद

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना एक छोटे पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते. त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळवून द्याव्यात, अशी त्यांनी विनंती केली. डुबॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर पाठवले. आपल्या व्याख्यानांत या पत्राचा उल्लेख नेहमी होतो, दलित आणि कृष्णवर्णीयांच्या भाईचाऱ्याचा पुरावा म्हणून. तो आहेच. पण मजकूर नीट पाहा. बाबासाहेब सहानुभूती कळवून थांबले नाहीत. त्यांनी प्रत मागितली, मूळ कागद मागितला.

ही कागद मागण्याची सवय आपल्या चळवळीत कमी झाली आहे असे मला वाटते. अन्याय झाला की मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, फोटो टाकला जातो. निवेदनाला जोडलेला पुरावा मात्र बहुतेक वेळा वर्तमानपत्राचे कात्रण असते. म्हणून आज अमेरिकेतील एका गावाची गोष्ट सांगतो. तिथला अन्याय रस्त्यावरच्या आंदोलनाने जगाला दिसला, पण सिद्ध झाला तो ट्रॅफिक कोर्टाच्या दप्तरातून.

गावाचे नाव फर्ग्युसन. पुण्याचे कॉलेज नव्हे. अमेरिकेच्या मिसुरी राज्यात सेंट लुईस शहराजवळचे, सुमारे २१,००० वस्तीचे गाव. त्यातले ६७ टक्के लोक कृष्णवर्णीय. ९ ऑगस्ट २०१४ रोजी तिथे मायकल ब्राऊन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र तरुण गोऱ्या पोलिसाच्या गोळ्यांनी मेला. त्याला पोलिसाने हटकले ते तो आणि त्याचा मित्र रस्त्याच्या मधून चालत होते म्हणून. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे: अश्रुधूर, चिलखती गाड्या, महिनोन्महिने चाललेली निदर्शने.

त्यानंतरची गोष्ट आपल्याकडे कमी माहीत आहे. अमेरिकेच्या केंद्रीय न्याय विभागाने ४ मार्च २०१५ रोजी, एकाच दिवशी, दोन अहवाल प्रसिद्ध केले. पहिला त्या गोळीबाराबद्दल होता. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, काही साक्षी भौतिक पुराव्याशी जुळत नाहीत, त्यामुळे त्या पोलिसावर केंद्रीय खटला उभा राहू शकत नाही, असे तो सांगतो. दुसरा अहवाल गावाच्या पोलिसांबद्दल आणि नगर न्यायालयाबद्दल होता. त्यासाठी पोलिसांच्या दप्तराची ३५,००० हून अधिक पाने आणि हजारो ई-मेल तपासले गेले. हा अहवाल कोणालाही खोडता आला नाही. एका खुनाचा खटला उभा राहिला नाही, पण हजारो दंडपावत्यांचा राहिला.

त्यात काय निघाले? २०१२ ते २०१४ या काळात थांबवलेल्या वाहनचालकांपैकी ८५ टक्के, दंडपावती मिळालेल्यांपैकी ९० टक्के आणि अटक झालेल्यांपैकी ९३ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. ‘रस्त्यावर चुकीच्या पद्धतीने चालणे’ हा तिथला एक गुन्हा आहे. त्यात पकडलेल्यांपैकी ९५ टक्के कृष्णवर्णीय. त्यांच्या गाडीची झडती घेतली जाण्याची शक्यता गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त, आणि झडतीत बेकायदा वस्तू सापडण्याचे प्रमाण मात्र गोऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी. ‘गुन्हे तेच करतात म्हणून तेच पकडले जातात’ हे वाक्य आपल्याकडे पारधी वस्तीबद्दल ऐकू येते. तिथे ते पोलिसांच्याच नोंदींनी खोटे ठरवले.

आकडे पटकन विसरले जातात, म्हणून अहवालातली एक बाई लक्षात ठेवा. तिचे नाव त्यात नाही. २००७ साली तिने एकदा गाडी चुकीच्या जागी लावली. दोन पावत्या, १५१ डॉलर दंड, वर शुल्क. तिला राहायला कायमचे घर नव्हते, हातात पैसा नव्हता. ती तारखांना हजर राहिली नाही किंवा हप्ता चुकला, आणि प्रत्येक वेळी ‘गैरहजेरी’चा नवा गुन्हा, नवा दंड, नवे वॉरंट. तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडी झाली. मध्ये तिने एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर भरण्याचा प्रयत्न केला. पूर्ण रक्कम नाही म्हणून कोर्टाने ते परत केले. डिसेंबर २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि ५४१ डॉलर देणे बाकी होते. हे सगळे एका पार्किंगमधून. २०१३ या एका वर्षात त्या कोर्टाने ९,००० हून अधिक वॉरंट काढली, बरीचशी असल्याच किरकोळ प्रकरणांत.

सावकारी माहीत असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. इथे सावकार म्हणजे गावाची तिजोरी. २०१० साली गावाच्या सुमारे १ कोटी १० लाख डॉलर उत्पन्नात कोर्टाचा दंड सुमारे १४ लाख होता. २०१५ च्या अंदाजपत्रकात सुमारे १ कोटी ३३ लाखांपैकी ३१ लाख दंडातून येतील असे धरले होते. अजून न झालेल्या गुन्ह्यांचा दंड आधीच जमेला धरलेला! पावत्या वाढल्या नाहीत तर पुढच्या वर्षी वसुली वाढणे कठीण आहे, असे गावाचा वित्त अधिकारी पोलीसप्रमुखाला लिहितो, तो ई-मेलही दप्तरात सापडला.

याची मुळे जुनी आहेत. गुलामी संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपीसारख्या दक्षिणेकडच्या राज्यांनी ‘भटकेगिरी’चे कायदे केले. कृष्णवर्णीय माणूस कामाविना दिसला की दंड. दंड भरता आला नाही की जो गोरा तो भरेल त्याच्याकडे मजुरी. पुढे कैदी भाड्याने देण्याची पद्धत पडली. अलाबामात ती १९२८ पर्यंत चालली. इंग्रजांनी १८७१ साली इथे केलेला गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याची हजेरी आठवल्याशिवाय राहत नाही. कायदा रद्द होतो, नोंदवही उरते.

आता मुख्य मुद्दा: हे दप्तर मिळते कसे? केंद्र सरकारचा तपास लागण्याआधीच सेंट लुईसमधील ‘आर्चसिटी डिफेंडर्स’ या छोट्या वकील संस्थेने कामाला सुरुवात केली होती. त्यांचे वकील आणि विद्यार्थी एकेका नगर न्यायालयात जाऊन बसले, काय चालते ते टिपले, पक्षकारांशी बोलले आणि २०१४ मध्ये अहवाल काढला. काम सोपे नव्हते. सेंट लुईस परगण्यात सुमारे नव्वद छोटी गावे आणि त्यांची ऐंशीच्या आसपास स्वतंत्र न्यायालये. कामावर जाताना एक माणूस चार गावांच्या हद्दीतून जातो. चार पोलीस, चार कोर्टे, चार दप्तरे.

म्हणून तिथे पहिला प्रश्न असतो: पावती कोणाची? गावाच्या पोलिसाने गावाच्या नियमाखाली दिलेली पावती नगर न्यायालयात जाते. राज्याच्या महामार्ग पोलिसाने राज्याच्या कायद्याखाली दिलेली परगण्याच्या न्यायालयात. हे पावतीवरच छापलेले असते. मग राज्याच्या न्यायालयांचे ‘केस डॉट नेट’ हे संकेतस्थळ फुकट आहे. त्यात पक्षकाराच्या नावाने किंवा प्रकरण क्रमांकाने शोधता येते. पण अनेक छोटी नगर न्यायालये बराच काळ त्यावर नव्हती. त्यांच्यासाठी कोर्टाच्या लिपिकाकडेच जावे लागे.

त्यानंतर कागदाचे दोन कप्पे वेगळे करावे लागतात. खटल्याची फाईल, तारखा, वॉरंट हा कोर्टाचा कप्पा. तो न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांखाली पाहायला मिळतो. अंदाजपत्रक, पोलिसांची आकडेवारी, अधिकाऱ्यांचे ई-मेल हा गावाचा कप्पा; तो मिसुरीच्या १९७३ च्या ‘सनशाइन’ कायद्याखाली मागायचा. अर्ज अभिलेख सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे, उत्तर कामकाजाच्या तीन दिवसांत, साध्या प्रतीला पानामागे जास्तीत जास्त १० सेंट. अमेरिकेचा केंद्रीय माहिती कायदा न्यायालयांना लागूच होत नाही. चुकीच्या कायद्याखाली बरोबर कागद मागितला तर अर्ज फेटाळला जातो आणि कार्यकर्ता ‘माहिती लपवतात’ म्हणत घरी येतो. आपल्याकडेही हेच होते.

आणखी एक गोष्ट. ८५ टक्के हा आकडा काढता आला कारण २००० साली मिसुरीने कायदा केला होता की पोलिसाने थांबवलेल्या प्रत्येक चालकाचा वंश नोंदवावा आणि राज्याच्या महाधिवक्त्याने दरवर्षी त्याचा अहवाल काढावा. तो रकाना नसता तर ‘आमच्याकडे वर्णभेद नाही’ असे गावाने छातीठोकपणे सांगितले असते, आणि कागदावर ते खरे दिसले असते.

अहवालानंतर काय झाले? आठवड्याभरात नगर न्यायाधीशाने राजीनामा दिला. दंडासाठी कोंडलेल्या लोकांनी २०१५ मध्ये गावावर दावा लावला होता. तो २०२४ मध्ये ४५ लाख डॉलरवर मिटला. शेजारच्या जेनिंग्ज गावाने २०१६ मध्येच पैसे मोजले होते. गोळी झाडणारा सुटला, हे मात्र तसेच राहिले. ते विसरून कोणी विजयाचे ढोल वाजवू नयेत.

आपल्याकडे चलानावर जातीचा रकाना नाही. तो असावा का, यावर चळवळीत दोन मते होतील, व्हावीत. मला स्वतःला भीती वाटते: पोलिसाने रस्त्यावर जात विचारायची म्हणजे विंचवाला घर दाखवणे. पण जातनिहाय जनगणना मागणाऱ्यांनी हा प्रश्न टाळूनही चालणार नाही. तोवर एक रकाना आपल्या हातात आहे, तो म्हणजे ठिकाण. नाकाबंदी कुठे लागते? भीमनगरच्या कमानीसमोर किती वेळा आणि सोसायट्यांच्या रस्त्यावर किती वेळा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५,००० रुपये झाला आहे. डिलिव्हरी करणाऱ्या पोराची ती कित्येक दिवसांची कमाई आहे. तक्रार सगळे करतात, पण ठिकाणवार मोजणी किती जणांनी मागितली?

इथेही कप्पे दोन. एखाद्या मुलावरचा खटला, त्यातले आदेश, वॉरंट हवे असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की न्यायालयीन कागदांच्या प्रमाणित प्रती न्यायालयाच्या नियमांनीच घ्यायच्या, माहिती अधिकारातून नाही. मी एकदा केस नंबर न घेता तालुक्याच्या कोर्टात गेलो होतो; खिडकीवरून हात हलवत परत आलो. ई-कोर्ट्सवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक आधी शोधा, पक्षकाराच्या नावाने सापडतो. चलान असेल तर गाडीच्या नंबरने.

या कोर्टाच्या कागदाला हलके समजू नका. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा आपण साजरा करतो. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या सवर्णांनी लावलेला दिवाणी दावा मात्र १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात संपला. अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची रूढी आहे, हे वादींना पुराव्याने सिद्ध करता आले नाही. तळ्यावर उतरलेले बाबासाहेब दहा वर्षे तारखाही लढले.

आकडेवारीचा कप्पा मात्र माहिती अधिकाराचा आहे. अर्ज वाहतूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांत १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, म्हणून ‘का’ विचारू नका, ‘किती’ विचारा. तीन महिन्यांचा काळ ठरवा, पोलीस ठाणे ठरवा, आणि नाकाबंदीची ठिकाणे, तारखा, ठिकाणवार चलानांची संख्या व कलमे मागा. एका वस्तीसाठी एक अर्ज आणि त्याच शहरातल्या सवर्ण वस्तीसाठी तसाच दुसरा, कारण तुलनेशिवाय आकडा मुका असतो. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करताना तीच जोडावी लागते.