मिरजेकडचे लग्न: मांडव, कार्यालय आणि नवरीचे वस्त्र

मिरज परिसरातील लग्नाच्या पोशाखाचा इतिहास हा लग्नाच्या जागेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. लग्न दारातल्या मांडवात लागते, गावच्या मोकळ्या पटांगणात लागते की भाड्याच्या कार्यालयात, यावर नवरीने काय नेसायचे हे बऱ्याच अंशी ठरत आले. नवरीची स्वतःची आवड विचारात घेतली जाऊ लागली ती फार उशिरा.

पटवर्धनांच्या संस्थानी काळात, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, लग्न घरीच होत असे. वाड्याच्या चौकात किंवा दारापुढे मुहूर्तमेढ रोवायची, आंब्याचे डहाळे आणि केळीचे खुंट बांधायचे आणि वऱ्हाडासाठी शेजारच्या घरात जानवसा द्यायचा, अशी रीत होती. विधी जमिनीवर पाट मांडून, होमाजवळ तासन्‌तास चालत. अशा बैठकीला काष्ट्याचे नऊवारी लुगडेच सोयीचे. ब्राह्मण घरांत नवरी गौरीहरापाशी बसताना पिवळी अष्टपुत्री नेसे. हे साधे सुती वस्त्र असते. जरीचा शालू त्यानंतर, सासरकडून येई. लग्नातल्या पिवळ्या रंगाला या भागात शेताचा आणि बाजारपेठेचाही आधार आहे. सांगली ही हळदीची मोठी पेठ, आणि कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवली जाई.

मराठा, लिंगायत आणि जैन घरांत मान होता तो इरकली, म्हणजे इलकलच्या लुगड्याचा. मिरज कर्नाटकाच्या सीमेजवळ असल्याने हे लुगडे आणि गुळेदगुड्डचे खण इथल्या पेठेत परके वाटत नसत. इरकलीचा तांबडा-पांढरा पदर वेगळ्या ताण्याचा असतो. विणकर त्याचा एकेक धागा अंगाच्या धाग्यात अडकवून दोन्ही जोडतो. अंग सुती आणि पदर रेशमी ठेवणे त्यामुळेच जमते, आणि बेताच्या ऐपतीच्या घरालाही लेकीच्या अंगावर रेशीम घालता येते. पुढे इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. तिथला धंदा वाढत गेला, तशी मागावरची स्वस्त लुगडी आसपासच्या बाजारांत येऊ लागली. नवरदेवाच्या डोक्याला फेटा आणि बाशिंग, किंवा पगडी आणि मुंडावळ्या, हे जातीच्या चालीवर अवलंबून असे.

नवरीच्या वयाचाही इथे विचार करायला हवा. बालविवाहाच्या काळात नऊ वारांचे लुगडे नवरीच्या अंगाला झेपतही नसे. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये रंगभूमीवर आणलेले ‘संगीत शारदा’ अशाच एका कोवळ्या मुलीचे, म्हाताऱ्याशी ठरवलेल्या तिच्या लग्नाचे नाटक आहे. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले. पण तो ब्रिटिश मुलखाचा कायदा होता आणि संस्थानांना आपोआप लागू होत नव्हता. वय वाढत गेले तसे लग्नाचे वस्त्र खऱ्या अर्थाने नवरीचे झाले.

मांडवाबाहेरचे, चर्चमधले लग्न मिरजेत ख्रिस्ती समाजामुळे दिसू लागले. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले आणि त्याच्या आधाराने मराठी बोलणारी ख्रिस्ती वस्ती वाढली. मराठी ख्रिस्ती नवरीने पाश्चात्त्य झग्यातला पांढरा रंग घेतला, पण साडी सोडली नाही. पांढरी साडी आणि डोक्यावर जाळीदार ओढणी, असा तिचा वेश झाला. शेजारच्या हिंदू घरांत पांढरे वस्त्र शोकाचे मानले जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे धाडस कळते.

या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान मात्र सातारा जिल्ह्याच्या खेड्यांत लिहिले गेले. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा सातारा जिल्ह्यातच मोडत होता. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांनी ब्रिटिश सत्तेला समांतर चालवलेल्या प्रतिसरकारने ‘गांधी लग्ना’चा प्रसार केला. लग्नापायी शेतकरी सावकाराच्या दारात जातो आणि जमीन गमावतो, हे कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून हुंडा, मानपान, जेवणावळी आणि वाजंत्री यांना फाटा देण्यात आला. वधूवरांच्या अंगावर खादी, गळ्यात सुताचे हार, समोर गावकरी आणि थोडी भाषणे, एवढ्यात लग्न लागे. प्रतिसरकारचे एक नेते, कुंडलचे जी. डी. बापू लाड यांनीही याच पद्धतीने विवाह केला. युद्धामुळे कापड नियंत्रणाखाली आले होते आणि जरीचे वस्त्र गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले होते; पण या लग्नांमागे टंचाईपेक्षा विचार मोठा होता. उसनवारीच्या शालूपेक्षा सुताचा हार प्रतिष्ठेचा, असे भर गावासमोर ठरवणारी ही लग्ने होती.

१९४८ मध्ये मिरजेचे संस्थान विलीन झाले. पुढच्या दशकांत वाड्यांच्या वाटण्या झाल्या, चौक लहान झाले आणि मंगल कार्यालये उभी राहिली. पाच दिवसांचे लग्न एका दिवसावर आले. कार्यालयाने पोशाखात मोठा बदल केला. पाहुणे खुर्च्यांवर आणि वधूवर मंचावर आल्यामुळे नवरीचे वस्त्र दुरून आणि छायाचित्रात कसे दिसते याला महत्त्व आले. नऊवारीची जागा पाचवारी शालूने घेतली. विधी, अक्षता आणि स्वागत समारंभ यांसाठी वेगवेगळ्या साड्या आल्या, आणि नवरदेव धोतरातून सुटात गेला.

अलीकडे शहराबाहेरच्या लॉनवर लग्ने होऊ लागली. हळदीचा स्वतंत्र समारंभ, त्यासाठी पिवळा घागरा, संध्याकाळी लेहंगा आणि शेरवानी, हे हिंदी चित्रपटांतून आले. त्याच वेळी नऊवारीही परतली आहे, पण शिवून घेतलेली: नेसायला सोपी आणि नेसवणाऱ्या आजीवाचून भागणारी. फेटाही नवरदेवापुरता न राहता दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या डोक्यावर आला आहे. अष्टपुत्री मात्र अनेक घरांत अजून सुती आणि पिवळीच असते. गौरीहर पुजून नवरी बोहल्यावर जाते तोवर ती तिच्या अंगावर राहते.