दात्याचे खाडे

रोग्यावर शस्त्र चालते ते त्याच्याच हिताकरिता. मूत्रपिंड देणारा मात्र धडधाकट; त्याने जखम सोसायची ती दुसऱ्यासाठी. १९५४ साली बोस्टनला रोनाल्ड हेरिकने जुळ्या भावाला मूत्रपिंड दिले. पुढे चाळीस वर्षे दात्याची कूस लांबवर चिरीत, पुष्कळदा बरगडीही कापीत. असा दाता आपल्या मनोरीचा कोळी असेल, तर त्याने जाळे कधी ओढावे? आम्ही मजुरीचा हिशेब मांडणारी माणसे. आम्हांला खाडे आधी दिसतात. फेब्रुवारी १९९५ मध्ये बाल्टिमोरला रॅटनर व कावुसी यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने बारीक छिद्रांतून मूत्रपिंड सोडवले, छोट्या छेदातून बाहेर काढले. दाता लवकर कामावर परतू लागला. त्याच महिन्यात अवयवविक्रीला बंदी करणारा १९९४ चा कायदा महाराष्ट्रात अमलात आला. त्यातले एक कलम आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो: दात्याचा बुडालेला रोज भरून देणे म्हणजे मोबदला नव्हे.