गल्लीचा संघ : एक कुळकथा

खेळ पुरातन असतो आणि संघ अर्वाचीन असतो, ही साधी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. बेळगावच्या खडेबाजारातून गणपत गल्लीकडे किंवा रामदेव गल्लीकडे वळणाऱ्या एखाद्या वयस्क गृहस्थाला ‘आपल्याकडे हुतूतू केव्हापासून आहे?’ असे विचारले, तर तो निःशंकपणे ‘आजोबा-पणजोबांपासून’ असे सांगेल, आणि त्यात काही खोटेही नसेल. परंतु ठरावीक गडी, ठरावीक नाव, निवडलेला कर्णधार आणि जमाखर्चाची वही बाळगणारे मंडळ केव्हापासून, असे विचारले, तर आपल्या मुलखात ते उत्तर शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे क्वचितच जाईल. खेळ लोकांच्या अंगवळणी पडलेला असतो. संघ मात्र कोणीतरी, कोणत्या तरी दिवशी, चार माणसे जमवून स्थापन करावा लागतो.

ही स्थापना कशी घडते, याचे लख्ख उदाहरण आयर्लंडात सापडते, आणि बेळगावकराला तो देश अगदीच परका वाटू नये. 1916 च्या एप्रिलात प्रांतिक परिषदेच्या निमित्ताने लोकमान्य टिळकांनी आपल्या होमरूल लीगची स्थापना याच शहरात केली, तेव्हा त्या चळवळीचे नावच आयरिश राजकारणातून आलेले होते. आणि त्याच महिन्यात डब्लिन शहरात इंग्रजी सत्तेविरुद्ध जो उठाव झाला, त्यात गेलिक क्रीडासंघटनेचे कित्येक सभासद हाती शस्त्र घेऊन उतरले होते.

या संघटनेचा जन्म 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरी परगण्यातील थर्ल्स गावी, हेज यांच्या हॉटेलात झाला. मायकल क्युसॅक नावाचा एक शिक्षक आणि मॉरिस डॅव्हिन नावाचा नामांकित मैदानी खेळाडू, यांच्यासह जमलेली मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. तोपर्यंत मैदानी शर्यतींची सूत्रे प्रतिष्ठित वर्गाच्या हाती असत, आणि हातावर पोट असणाऱ्या कारागिराला व मजुराला तेथे मज्जाव असे. खेड्यापाड्यांतला चेंडूचा खेळ तर शिवारभर पसरे; एका गावाने दुसऱ्या गावावर चाल करावी, गड्यांची गणती नाही, वेळेची मर्यादा नाही, आणि जुना तंटा असेल तर तोही त्याच गर्दीत उगवून घ्यावा, असा शिरस्ता होता.

संघटनेने पहिले काम केले ते या चेंडूच्या खेळाचे कायदे लिहिण्याचे. 1885 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कलमांत प्रत्येक बाजूस चौदांहून कमी नाहीत व एकवीसांहून अधिक नाहीत असे गडी, एक तासाचा खेळ, दोन साहाय्यक पंच आणि एक मुख्य पंच, अशी व्यवस्था होती. त्यांतले एक कलम फार मनोवेधक आहे. खेळास आरंभ होण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी समोरासमोर दोन रांगांत उभे राहावे, प्रत्येकाने प्रतिपक्षातील एका गड्याचा हात आपल्या हाती धरावा, आणि पंचाने चेंडू वर फेकला की मगच हात सोडावेत. मागून ढकलणाऱ्याला वा डोक्याने धडक देणाऱ्याला मैदानाबाहेर उभे करावे आणि त्याच्या जागी दुसरा गडी देऊ नये, असेही त्यात बजावले होते. काल शिवारात एकमेकांची डोकी फोडणाऱ्या दोन गावांना आज हात धरून उभे करणे, हे त्या कागदाचे सामर्थ्य होय.

कायदे झाले तेव्हा संघ झाले. चर्चच्या एका हद्दीतील वस्तीचा एक संघ, असा पायंडा पडला; सामने रविवारी ठेवल्यामुळे कष्टकरी माणसाला खेळता येऊ लागले. परगण्यात जो संघ अजिंक्य ठरेल त्याने परगण्याच्या नावाने खेळावे, या वहिवाटीने 1887 ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिची अंतिम लढत 1888 च्या एप्रिलात खेळली गेली. ती जिंकली लिमरिकच्या कमर्शियल्स या संघाने. हा संघ नावाप्रमाणे शहरातील दुकाना-पेढ्यांवर काम करणाऱ्या नोकरांचा. दिवसभर गज हाती घेऊन कापड मोजणाऱ्या मुलांनी देशाचे अजिंक्यपद मिळवावे, याचे मर्म खडेबाजाराला अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडील घडामोड याच क्रमाने, पण एका पिढीच्या अंतराने झाली. हुतूतू गावोगावी होता, पण गावोगावी निराळा होता. ‘संजीवनी’ प्रकारात बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत होई, ‘गामिनी’त एकदा मेला तो सर्व पक्ष गारद होईपर्यंत बाहेरच बसे, ‘अमर’ प्रकारात कोणी बाहेर जातच नसे, केवळ गुण मांडले जात. गल्लीतल्या गल्लीत हे बिनबोभाट चाले. परंतु संजीवनी खेळणाऱ्या गावाने गामिनी खेळणाऱ्या गावाशी गाठ घातली की दम घेण्यापूर्वीच वाद जुंपे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने (स्थापना 1906) 1914 मध्ये खो-खोची नियमावली सिद्ध केली, आणि 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापून मोठ्या स्पर्धा भरविल्या. 1950 मध्ये हुतूतूसाठी, म्हणजेच कबड्डीसाठी, अखिल भारतीय कबड्डी महासंघ उभा राहिला. नियम एक झाल्यावर परगावच्या स्पर्धेस जाणे शक्य झाले, आणि परगावी जावयाचे म्हणजे नाव, गड्यांची यादी व वर्गणी ही आलीच. तालमीच्या कट्ट्यावरचा घोळका त्या दिवशी मंडळ झाला.

येथवर आयर्लंड व महाराष्ट्र यांची वाट एकच दिसते. ती दुभंगते ती निपाणीहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या कोल्हापुरात. आयरिश संघटनेने पुढे परदेशी खेळ खेळणाऱ्याला सभासदत्व नाकारण्याचे कलम केले आणि ते 1971 पर्यंत चालविले. कोल्हापुराने उलट केले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने पेठापेठांतून भरभराटीस आलेल्या कुस्तीच्या तालमींनी साहेबाचा फुटबॉल उचलला आणि त्याला आपल्याच घरात जागा दिली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळे आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम ओसंडून वाहते, तेव्हा प्रेक्षक चेंडूच्या जातकुळीची विचारपूस करीत नाहीत. शिवाजी पेठ की मंगळवार पेठ, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असतो. देशी चेंडू हट्टाने राखणारा आयरिश संघ आणि विलायती चेंडू लाल मातीच्या तालमीत आणणारा कोल्हापुरी संघ, हे दोन्ही सारखेच अस्सल ठरतात, कारण दोहोंची मुळे एकाच जागी, म्हणजे राहत्या वस्तीत रुजलेली आहेत. स्वदेशी-परदेशीचा वाद खेळापुरता खरा असेल. संघाचे कूळ ठरविताना तो गैरलागू आहे.

एका बाबतीत मात्र आयरिश मंडळी आपल्याहून शहाणी ठरली. त्यांनी आपल्या संघांचे दप्तर जपले, म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे निकाल आणि नियम आज तारीखवार सांगता येतात. आपल्या तालमींच्या कीर्दी, पावतीपुस्तके, सामन्यांची हस्तपत्रके आणि पिवळी पडलेली सांघिक छायाचित्रे घराघरांतील ट्रंकांत कसरीच्या हवाली झालेली असतात. खडेबाजारात, निपाणीत वा सीमाभागात कोठेही ज्यांच्याकडे असे कागद असतील, त्यांनी यंदाच्या दिवाळीची साफसफाई काढण्यापूर्वी ते वेगळे काढावेत, त्यांवर साल व नावे नोंदवावीत, आणि गावातील वाचनालयाच्या स्वाधीन करावेत.