रत्नागिरीच्या होडीचा पंखा

मिरकरवाडा बंदरात होडीच्या मशीनचा विषय निघाला की पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा असतो. पंखा आठवतो तो पातं वाकल्यावर. पाण्याला रेटा देऊन होडी पुढे नेतो तो पंखाच, पण मशीनच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ वाटते, म्हणून तो बदलताना फारसा विचार होत नाही. या किनाऱ्याचा इतिहास पाहिला तर ही बेफिकिरी अलीकडची आहे.

१८८० साली मुंबई सरकारने रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटिअर छापलं, तेव्हा इथली मासेमारी शीड आणि वल्ह्यांवरच चालत होती. कोळी, खारवी, गाबीत, भोई, दालदी या सगळ्यांची होडी वाऱ्याच्या मर्जीने चाले, पण ती मर्जी सांभाळायचं कसब तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं. वारा चढला की मोठं शीड उतरवायचं आणि लहान चढवायचं. होडी मासळीने भरलेली असेल तर बेत वेगळा, रिकामी असेल तर वेगळा. वजन, वारा आणि पाणी यांचा मेळ घालणं हीच खरी विद्या होती.

पंखा तोवर जगाला नवा राहिला नव्हता. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८३६ साली स्क्रूच्या आकाराच्या पंख्याचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या एका कालव्यात चाचणी चालू असताना त्यांच्या लाकडी पंख्याचा तुकडा मोडला आणि बोट मंदावण्याऐवजी जोरात पळू लागली. मशीन तेच, बोट तीच, फक्त पंख्याचा आकार बदलला! १८४५ साली ब्रिटिश आरमाराने ‘रॅटलर’ ही पंख्याची बोट आणि ‘अलेक्टो’ ही बाजूच्या चाकांची बोट पाठीला पाठ लावून एकमेकींना बांधली. रॅटलरने अलेक्टोला उलटं ओढत नेलं.

रत्नागिरीला मात्र शिडाचा आणि मशीनचा असे दोन्ही काळ कितीतरी वर्षं शेजारी शेजारी नांदले. मुंबईहून येणारी आगबोट बंदराबाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारूंना, ट्रंका-वळकट्यांसह, किनाऱ्यावर आणायला पडाव जात.

मासेमाराच्या होडीला मशीन लागलं ते मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. १९५२ साली आजच्या केरळच्या किनाऱ्यासाठी भारत-नॉर्वे मासेमारी प्रकल्पाचा करार झाला. महाराष्ट्रातही मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत कर्जं मिळू लागली. मोठ्या नौकांच्या पोटात डिझेल इंजिन बसलं. लहान होडीचा मार्ग निराळा. ओल इव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ च्या सुमारास बाहेरून लटकवायचं मशीन बाजारात आणलं, जपानच्या यामाहाने १९६० साली आपलं पहिलं काढलं. फायबरच्या हलक्या होड्या आल्या तशी ही मशिनं कोकणच्या खाड्यांतही दिसू लागली.

आणि इथे तांडेलाची जुनी विद्या पुन्हा कामाला येते. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यासाचा आणि दुसरा पिचचा, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा, पाणी घट्ट असतं तर, किती पुढे सरकला असता ते अंतर. ९ इंच पिचचा पंखा मिनिटाला २,५०० फेरे फिरला तर कागदावर होडी १,८७५ फूट जाते. प्रत्यक्षात पाणी सरकतं, त्यामुळे अंतर कमीच पडतं, आणि जाळं, बर्फ, माणसं भरलेल्या होडीत तर आणखी कमी.

म्हणून जुना पंखा मोडला की दुकानात तसाच दुसरा मागणं पुरेसं नाही. होडी रोजच्या वजनाने भरावी, मशीन पूर्ण सोडावं आणि मशीनचे फेरे मोजावेत. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत फेरे चढत नसतील तर मशीन गुदमरतंय, पिच कमी हवा. फेरे मर्यादेबाहेर जात असतील तर पिच वाढवावा. एक इंचाच्या फरकाने साधारण १५० ते २०० फेरे बदलतात. रिकाम्या होडीवर सुसाट पळणारा पंखा भरल्या होडीला घातक ठरू शकतो, कारण वजनाखाली दबलेलं मशीन इंधन जास्त खातं आणि लवकर झिजतं. मासेमाराने वेगापेक्षा ओढीचा पंखा निवडावा, हेच शहाणपणाचं.

धातूचाही विचार हवा. भाट्ये खाडीच्या मुखाशी गाळ साचतो, ओहोटीला पंखा वाळूला घासतो. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं, पण धक्का स्वतःवर घेऊन आतले गिअर वाचवतं. स्टीलचं पातं टिकाऊ आणि कामाला सरस, मात्र खडकावर आपटलं तर तोच धक्का गिअरपर्यंत पोचू शकतो. कमी पाण्यात रोज ये-जा करणाऱ्याला ॲल्युमिनियमचा बरा, आणि दुसरा पंखा, पिना नि पाना होडीतच ठेवलेलं उत्तम.

पंखा उतरवला की त्यामागचा शाफ्ट जरूर पाहावा. तिथे बरेचदा नायलॉनचा बारीक दोरा गुंडाळलेला सापडतो. तो हळूहळू ऑइल सील कापतो, खारं पाणी आत शिरतं आणि गिअरचं ऑइल दुधासारखं पांढरं होतं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हाच ही तपासणी उरकली तर नारळी पौर्णिमेनंतर भर समुद्रात मशीन बंद पडायची वेळ सहसा येत नाही.